कलंदर शास्त्रज्ञ हॉल्डेन

शिकलासवरलेला माणूस परदेशी गेला की साऱ्या गावाला त्याचा अभिमान वाटतो. पण जगभर नाव झालेला एक इंग्रज शास्त्रज्ञ चौसष्ट वर्षांचा असताना लंडन सोडून आपल्या देशात कायमचा राहायला आला, धोतर आणि झब्बा घालू लागला, मांसाहार सोडून बसला आणि शेवटी भारताचा नागरिक होऊन याच मातीत मरण पावला, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला स्वतःला ती गेल्या वर्षी वाचनालयात कळली. त्या शास्त्रज्ञाचे नाव जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन. लोक त्यांना जे. बी. एस. म्हणत.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. शाळेत विज्ञान म्हणजे फळ्यावरच्या आकृत्या एवढेच आम्हांला माहीत होते. प्रयोगाच्या साहित्याचे कपाट कायम कुलपात असे. पुढे मी कला शाखेत आले तेव्हा विज्ञानाशी आपला संबंध संपला असेच मी धरून चालले होते. हॉल्डेन यांच्या चरित्राने माझ्या या समजुतीला मोठा धक्का दिला.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. त्यांचे वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे नामांकित शरीरशास्त्रज्ञ होते. कोळशाच्या खाणींत साचणाऱ्या विषारी वायूंनी मजूर कसे मरतात याचा ते शोध घेत आणि त्यासाठी स्वतः खाणीत उतरत. मुलालाही ते बरोबर नेत. एकदा त्यांनी या लहान मुलाला खाणीतल्या एका ठेंगण्या जागी उभे करून शेक्सपिअरच्या नाटकातले एक भाषण म्हणायला सांगितले. भाषण अर्धे होण्यापूर्वीच मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीवर पडताच मात्र त्याला पुन्हा नीट श्वास घेता येऊ लागला. खाणीतला तो वायू हवेपेक्षा हलका असल्यामुळे छताशी साचतो, हा धडा त्या मुलाला आयुष्यभर पुरला. आपल्याकडे कोणी बापाने असे केले असते तर शेजाऱ्यांनी त्याला वेड्यात काढले असते. पण जे इतरांच्या जिवावर बेतते ते आधी स्वतःवर करून पाहावे, हा संस्कार हॉल्डेन यांना इथेच मिळाला.

मला सर्वांत मोठे नवल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. या माणसाजवळ विज्ञानाची पदवी नव्हती! ऑक्सफर्डला त्यांनी आधी गणित घेतले आणि नंतर ग्रीक व लॅटिन वाङ्मय आणि तत्त्वज्ञान घेऊन १९१४ मध्ये पहिल्या वर्गात परीक्षा दिली. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर ते आर्ट्‌सचेच विद्यार्थी. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि ते सैन्यात गेले. १९१५ मध्ये जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला तेव्हा बापलेकांनी बंद खोलीत तो वायू स्वतः हुंगून मुखवट्यांची परीक्षा घेतली. पुढे मेसोपोटेमियात ते जखमी झाले आणि बरे होण्यासाठी त्यांना हिंदुस्थानात पाठवण्यात आले. देश त्यांना आवडला, पण राज्यकर्त्यांच्या जातीचा माणूस म्हणून इथे वावरणे त्यांना रुचले नाही. येथील लोकांशी बरोबरीच्या नात्याने राहता येईल तेव्हाच परत यायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले. त्यासाठी त्यांना चाळीस वर्षे थांबावे लागले.

युद्धानंतर ते केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. १९२४ पासून त्यांनी एक लेखमाला लिहिली. डार्विनची निसर्गनिवड किती वेगाने काम करते हे त्यांनी त्यात गणिताने मांडले. इंग्लंडमध्ये गिरण्यांच्या धुराने झाडांची खोडे काळी झाली तसे मँचेस्टरच्या बाजूचे फिकट पतंग कमी होऊन काळे पतंग वाढले होते. पन्नासेक वर्षांत एवढा बदल व्हायचा तर काळ्या पतंगांची जगणारी पिल्ले फिकटांच्या दीडपट तरी असली पाहिजेत, असे त्यांनी हिशेबाने दाखवले. फिशर आणि राइट या दोघांबरोबर त्यांनी डार्विन आणि मेंडेल यांच्या विचारांची सांगड घातली. १९२९ मध्ये, जुन्या समुद्राच्या पाण्यात निर्जीव रसायनांपासून जीव कसा निर्माण झाला असेल याबद्दलही त्यांनी आपला तर्क मांडला.

पण प्रयोगशाळेत दार लावून बसणाऱ्यांपैकी ते नव्हते. विज्ञानाने समाजाचे काय होईल, हा विचार त्यांच्या डोक्यात सतत घोळत असे. 'डेडॅलस' या १९२४ च्या छोट्या पुस्तकात त्यांनी आईच्या पोटाबाहेर मूल वाढवण्याची कल्पना मांडली. कोळसा संपला की पवनचक्क्यांच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून त्याचे इंधन करावे, असेही त्यात सुचवले. शंभर वर्षांनंतर आज याच हायड्रोजनची चर्चा आपण वर्तमानपत्रांत वाचतो. कम्युनिस्टांच्या 'डेली वर्कर' या दैनिकात त्यांनी कामगारांसाठी विज्ञानावर तीनशेहून अधिक लेख लिहिले. मोठे शास्त्रज्ञ असूनही साध्या माणसाला समजेल असे लिहिण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

जून १९३९ मध्ये 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ माणसे मेली. ती कशी गुदमरली हे शोधण्यासाठी हॉल्डेन स्वतः पोलादी कोठीत शिरले आणि कोंदट, कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या हवेत बसून राहिले. पुढे अशाच प्रयोगांत त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कानाचा पडदाही फाटला.

थोरांचे चरित्र लिहिताना त्यांच्या उणिवा झाकण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. रशियात लायसेंको नावाच्या माणसाने सत्तेच्या जोरावर आनुवंशशास्त्र खोटे ठरवले. वाव्हिलॉव्ह यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात मेला. हॉल्डेन त्यांना ओळखत होते, त्यांच्या आमंत्रणावरून रशियाला जाऊन आले होते. तरीही पक्षावरच्या निष्ठेपायी लायसेंकोविरुद्ध ते बराच काळ स्पष्ट बोलले नाहीत. १९५० च्या सुमारास ते पक्षातून बाहेर पडले, पण तोवर उशीर झाला होता. विषारी वायूला न भिणारा माणूस आपल्याच माणसांना दुखवायला कचरला, यातून आपण सर्वांनीच काही शिकण्यासारखे आहे.

१९५६ मध्ये सुएझच्या कालव्यावरून ब्रिटनने इजिप्तवर हल्ला केला. असल्या देशात राहायचे नाही, असे हॉल्डेन यांनी जाहीर केले आणि १९५७ मध्ये पत्नी हेलन स्परवे यांच्यासह ते कलकत्त्याला आले. महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ते काम करू लागले. येथे महागडी यंत्रे नाहीत म्हणून त्यांनी रडगाणे गायले नाही. डोळे, कागद आणि पेन्सिल एवढ्यावरही जीवशास्त्र करता येते, आणि अहिंसा मानणाऱ्या देशात तर प्राणी न मारता ते करता यावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या शिष्यांपैकी रॉय यांनी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. डेव्हिस यांनी नारळाच्या झाडांची फिरकी डावी की उजवी ते पाहिले. डाव्या फिरकीची झाडे सरासरीने अधिक नारळ देतात, असे त्यांना आढळले. रॉय यांनी धानाच्या दोन-तीन जाती एकत्र लावून उत्पन्न किती येते तेही तपासले. मी धानाच्या मुलखातली. आमच्या बांधीत रोवणी करताना मी वाकून कंबर मोडून घेतली आहे, पण त्या चिखलात विज्ञान असू शकते हे मला कोणी सांगितले नव्हते.

आमच्या भागाशी हॉल्डेन यांचे आणखी एक नाते आहे आणि ते जिव्हाळ्याचे आहे. रक्ताचे काही आनुवंशिक रोग जिथे मलेरिया फार तिथेच का टिकून राहतात? १९४९ मध्ये हॉल्डेन यांनी थॅलेसेमियाबद्दल तर्क केला की असा दोष एकाच बाजूने, आईकडून किंवा बापाकडून, आलेला असेल तर तो माणसाला मलेरियापासून वाचवत असावा. १९५४ मध्ये ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकल सेलच्या बाबतीत तसेच दाखवून दिले. दोष दोन्हीकडून आला तर मात्र मूल आजारी होते. सिकल सेल आमच्या विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि इतर गरीब जातींत, घरोघरी ठाऊक आहे. आमच्या शेजारची मुलगी हातापायांच्या दुखण्याने रात्ररात्र रडायची. कोणी करणी म्हणे, कोणी मागच्या जन्मीचे पाप. आईबाप दोघांतही हा दोष लपलेला असला तर प्रत्येक खेपेस मूल आजारी निघण्याचा संभव चारात एक असतो. यात कोणाचे पाप नाही. आमच्याकडे लग्न ठरवताना पत्रिका बारकाईने पाहतात, रक्ताची तपासणी मात्र कोणी विचारत नाही. माझे स्वतःचे लग्न ठरेल तेव्हा ती मी विचारणार आहे, मग घरचे काहीही म्हणोत.

कलकत्त्यात मतभेद झाल्यावर हॉल्डेन १९६२ मध्ये भुवनेश्वरला गेले आणि तेव्हाच्या ओरिसा सरकारच्या मदतीने त्यांनी तिथे आनुवंशशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. पण लवकरच त्यांना आतड्याचा कर्करोग झाला. लंडनला शस्त्रक्रिया झाली तेव्हा अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी आपल्या रोगावर एक विनोदी कविता लिहून छापली. लोकांनी लाज न बाळगता वेळेवर डॉक्टरकडे जावे, हा त्यामागचा हेतू होता. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकिनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देण्यात आला. बालपणी खाणीत वडिलांनी सुरू केलेला प्रयोग अशा रीतीने मरणानंतरही चालू राहिला.

आपले कलेचे महाविद्यालय. इथे सूक्ष्मदर्शक नाही, परीक्षानळ्या नाहीत. पण प्रश्न विचारायला, मोजायला आणि आपल्या लोकांना समजेल अशा मराठीत लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात गावकऱ्यांना सिकल सेलची माहिती द्यावी आणि आधी आपण सर्व विद्यार्थ्यांनी स्वतःची तपासणी करून घ्यावी, अशी माझी प्राध्यापकांना व मित्रमैत्रिणींना नम्र विनंती आहे.