फिटनेस बँड घेताय? त्याआधी औंधच्या राजाची ही गोष्ट वाचा

फिटनेस बँड कोणता घेऊ, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. आज त्याचं उत्तर देणार आहे, पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

गेल्या दिवाळीत सांगलीच्या माझ्या मामांना मी एक स्वस्तातलं स्मार्टवॉच दिलं. पावलं, झोप, ऑक्सिजन, बीपी, सगळं काही दाखवणारं. मामा रोज सकाळी आमराईत फिरून आले की मनगटाकडे बघायचे. आकडा कायम छान. महिन्याभरात त्यांनी बीपीची गोळी स्वतःच बंद करून टाकली. आम्हाला कळलं ते चक्कर येऊन पडल्यावर. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून मोजलं तर वरचं बीपी १८० च्या पुढे, आणि घड्याळ त्याच वेळी १२२ सांगत होतं. घरी आल्यावर मी ते घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधून बघितलं. टॉवेलचंही बीपी अगदी उत्तम निघालं!

मामा आता बरे आहेत, गोळी सुरू आहे. पण ते घड्याळ मी निवडलं होतं, आणि निवडताना फक्त फीचर्स मोजले होते.

त्यानंतर एका रविवारी यमाईच्या दर्शनाला औंधला जायचं ठरलं. मामा सांगलीहून विट्यामार्गे आले, मी साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे. दर्शन झाल्यावर डोंगराच्या उतारावरच्या भवानी संग्रहालयात गेलो. तिथे मामा म्हणाले की त्यांचे वडील आटपाडीच्या शाळेत होते आणि रोज सूर्यनमस्कार घातल्याशिवाय सुटका नसायची. हा नियम करणाऱ्या राजाबद्दल मी घरी येऊन वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की व्यायामाचं साधन कसं निवडावं हा आपला प्रश्न या माणसाने शंभर वर्षांपूर्वीच सोडवला होता.

कोण होते बाळासाहेब पंतप्रतिनिधी?

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. शिक्षण पुण्यात, डेक्कन कॉलेजातून बीए. १९०९ मध्ये ते औंधच्या गादीवर आले. संस्थान छोटं, ७२ गावांचं, आणि तेही सलग नाही. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात.

माणूस मोठा हौशी. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी मोठी मदत केली. आपला चित्रसंग्रह लोकांना पाहता यावा म्हणून संग्रहालय उभं केलं. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडी शिल्पही आहे.

तंत्रज्ञानाचंही त्यांना वावडं नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळच्या माळरानावर जागा दिली. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या भागातले लोखंडी नांगर तिथूनच शेतात गेले.

राजाने मागवलेलं 'गॅजेट'

आता मुद्द्याकडे येऊ. १८९७ मध्ये, म्हणजे वयाच्या तिशीच्या आत, बाळासाहेबांनी युजेन सँडोचं पुस्तक आणि त्याची व्यायामाची साधनं विकत घेतली. सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध पहिलवान. त्याच्या नावाची स्प्रिंगची डंबेल्स, ताणायचे पट्टे आणि सोबत रोजच्या व्यायामाचे तक्ते जगभर विकले जायचे. थोडक्यात, त्या काळचं सगळ्यात चर्चेतलं फिटनेस किट.

आपल्यातले किती तरी बँड दोन महिन्यांत ड्रॉवरमध्ये जातात. बाळासाहेबांनी सँडोची पद्धत जवळजवळ दहा वर्षं नेमाने चालवली. म्हणजे साधन वापरून न बघताच नावं ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हते.

मग १९०८ च्या सुमारास मिरजेचे संस्थानिक श्रीमंत गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांनी त्यांना सूर्यनमस्काराकडे वळवलं. (दोघेही बाळासाहेब, म्हणून गोंधळ होतो. हे मिरजेचे, ते औंधचे.) तेव्हा आपले राजेसाहेब चाळिशीच्या घरात होते. नमस्कार हा प्रकार त्यांना नवा नव्हता, आपल्याकडच्या तालमींत आणि घरांत तो होताच. नवी होती ती त्याकडे बघायची शिस्त. त्यांनी नमस्काराच्या दहा स्थिती पक्क्या केल्या, कोणत्या स्थितीत श्वास घ्यायचा, कुठे रोखायचा, कुठे सोडायचा हे ठरवलं, आणि मंत्राची जोड दिली.

मला यातली मोजणी फार आवडली. नमस्कारागणिक सूर्याचं एकेक नाव. बारा नावं संपली की बारा नमस्कार झाले. ना बॅटरी, ना चार्जर, आणि आकडा खोटा यायची सोयच नाही, कारण मोजणारा आणि करणारा एकच.

एकट्याचा व्यायाम ते सगळ्यांचा व्यायाम

स्वतःला फायदा झाला म्हणून ते तिथे थांबले नाहीत. आधी घरच्यांना नमस्कार घालायला लावले, राणीसाहेबांसकट. बायकांनी व्यायाम करायचा म्हटलं की भुवया उंचावणारा तो काळ. मग संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे झाले. मुलगा असो की मुलगी, गरीब असो की श्रीमंत, अंगभर जागा मिळाली की काम भागलं. सँडोचं किट संस्थानातल्या प्रत्येक पोराला देणं खजिन्याला झेपलं नसतं. नमस्कार देता आला.

१९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा साठी उलटलेल्या या राजाची तब्येत पाहून लुईज मॉर्गन ही पत्रकार चकित झाली. तिच्याच साहाय्याने १९३८ मध्ये लंडनला त्यांचं सूर्यनमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक निघालं. दहा स्थितींवरून त्याच्या नावातही दहा हा आकडा आला. आज जगभरच्या योगवर्गांत नमस्कार घातले जातात, त्यामागे औंधच्या या प्रचाराचा वाटा मोठा आहे.

पुढे १९३९ मध्ये त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानाला राज्यघटना दिली आणि कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंती नसलेली वसाहत त्याच काळातली. 'दो आँखें बारह हाथ' या सिनेमाची प्रेरणा तीच. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ ला, वयाच्या ८३ व्या वर्षी बाळासाहेब गेले.

मग बँड घ्यायचाच नाही का?

तसं अजिबात नाही. बाळासाहेबांनीही दहा वर्षं साधन वापरलंच होतं. त्यांच्याकडून मी एवढंच घेतलं: आधी रोज काय करणार ते ठरवा, मग साधन निवडा. आपण नेमकं उलटं करतो. चला तर मग, एकेक मुद्दा पाहू.

पावलं: बँडमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. हात हलण्याच्या ठेक्यावरून तो पावलं मोजतो. चालणाऱ्याला पुरेसं, पण नमस्कार घालणाऱ्याला जवळजवळ निरुपयोगी. पन्नास नमस्कार घालून घाम गाळा, पावलं दिसतील चार-दोन! शिवाय दहा हजार पावलं हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचं मीटर. आकडा तिथून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो हिशोब जास्त कामाचा.

नाडी: मागचा हिरवा दिवा कातडीवर उजेड टाकतो. प्रत्येक ठोक्याला रक्त वाढतं, परत येणारा उजेड बदलतो, त्यावरून ठोके मोजले जातात. शांत बसल्यावर किंवा चालताना हे बरं चालतं. पण नमस्कारात हात जमिनीवर टेकले की मनगट वाकतं, पट्टा सरकतो आणि आकडा भरकटतो. बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, जरा घट्ट बांधा. व्यायामातली नाडी अचूक हवीच असेल तर छातीला बांधायचा पट्टा घ्या.

कॅलरी: हा आकडा मनावर घेऊच नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने सात उपकरणं तपासली. सहा उपकरणांची नाडी ५ टक्क्यांच्या आत बरोबर होती. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं.

झोप: एकूण किती तास झोपलात, याचा अंदाज ठीक. गाढ झोप किती, हलकी किती, हे तपशील साधारणच समजा.

बीपी: पट्ट्याच्या यंत्राशी वेळोवेळी जुळवून न घेता, नुसत्या मनगटावरून बीपी सांगणाऱ्या स्वस्त घड्याळावर काडीचाही विश्वास ठेवू नका. घरात बीपीचा पेशंट असेल तर त्याच पैशांत दंडाला बांधायचं यंत्र घ्या. आणि गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

बॅटरी आणि पाणी: साध्या बँडची बॅटरी आठवडाभर सहज जाते, मोठ्या स्मार्टवॉचची बऱ्याचदा दीड-दोन दिवसांत संपते. रोज चार्ज करायचा कंटाळा असेल तर बँडच बरा. साताऱ्याच्या पावसात यवतेश्वरचा घाट चढणार असाल किंवा पोहणार असाल, तर ५ एटीएम लिहिलेलं बघा.

तुमची माहिती: ॲप सुरू करताना ते कोणकोणत्या परवानग्या मागतं ते वाचा. पावलं मोजायला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला लागतात? आपल्या शरीराच्या नोंदी आपल्या हातात हव्यात. खातं आणि माहिती पुसायची सोय आहे का, हे घेण्याआधीच बघा.

घरी करायच्या तीन परीक्षा

परत करायची मुदत संपायच्या आत एवढं कराच.

१. मनात मोजून १०० पावलं चाला. बँडने ९५ ते १०५ दाखवली तर पास.
२. पाच मिनिटं शांत बसा, मनगटावर बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा. बँडशी चार-पाचचा फरक चालेल.
३. बँड गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधा. चांगली उपकरणंही कधी कधी इथे फसतात आणि नाडी दाखवतात. पण टॉवेलचं बीपी दिसलं, तर तो आकडा मोजलेला नाही, हे पक्कं समजा.

शेवटी आम्ही काय घेतलं?

मामांना दंडाचं बीपीचं यंत्र, आणि पावलं व नाडी दाखवणारा साधा बँड. मामा आता रोज बीपी वहीत लिहितात आणि दर महिन्याला वही डॉक्टरांना दाखवतात. आमराईतल्या फेऱ्या सुरू आहेत. डॉक्टरांना विचारून बारा नमस्कारही सुरू केलेत, हळूहळू. तेवढी मोजणी मात्र ते बँडवर सोडत नाहीत. वडिलांनी शिकवलेली बारा नावं त्यांना अजून पाठ आहेत.