गाडगेबाबांचा खराटा

विदर्भातील अमरावती जिल्ह्यात शेंडगाव नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूचा जन्म झाला. वडील झिंगराजी व्यसनापायी अकाली वारले. आई सखूबाई मुलाला घेऊन दापुरे येथे आपल्या माहेरी राहिली. तेथे डेबूने मामाची गुरे राखली व पुढे शेतीची सारी कामे अंगावर घेतली. शिक्षणाचा लाभ मात्र त्याला झाला नाही.

खेड्यातील दैन्य डेबूने जवळून पाहिले. कर्ज काढून सण करावयाचे, दारूत पैसा घालवावयाचा आणि गावाभोवती घाण साचू द्यावयाची, अशी तेव्हा पुष्कळ ठिकाणी रीत होती. या घाणीचे भोग मुलांच्या वाट्याला येत. लोक उघड्यावर शौचास बसले, की जंतांची अंडी मातीत मिसळतात. न धुतलेल्या हातांवाटे व भाजीपाल्यावाटे ती मुलांच्या पोटात जातात. अंकुशकृमी नावाच्या जंताच्या अळ्या तर अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात. मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होते, मूल खुरटते आणि अभ्यासात त्याचे चित्त रमत नाही. हे शास्त्र डेबूजींना कोणी शिकविले नव्हते. परंतु घाणीत आरोग्य नांदत नाही, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा वेष, जवळ मातीचे गाडगे आणि हाती खराटा, एवढाच त्यांचा संसार! त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात पाऊल ठेवताच बाबा रस्ते झाडू लागत, गटारे साफ करीत. ते पाहून गावकरीही कामाला लागत. रात्री कीर्तन होई. साधेसाधे प्रश्न विचारून बाबा श्रोत्यांच्याच तोंडून उत्तरे वदवून घेत. भाकरी हातावर घेऊन खावी, हलके कापड नेसावे, परंतु मुलांना शाळेत घातल्यावाचून राहू नये, असे ते कळकळीने सांगत.

लोकांनी दिलेल्या पैशातून बाबांनी शाळा, वसतिगृहे व धर्मशाळा उभारल्या. पंढरपूर व नाशिकप्रमाणेच देहू आणि आळंदी येथेही त्यांच्या धर्मशाळा झाल्या. इंद्रायणीकाठचा तो परिसर आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांनी वेढलेला आहे. दूरदूरची कुटुंबे पोटासाठी तेथे येतात. अशा दाटीच्या वस्तीत जेथे शौचालये अपुरी पडतात, तेथे मुलांना तेच जुने दुखणे गाठते.

२० डिसेंबर १९५६ रोजी बाबांचे देहावसान झाले. २०००-०१ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून मुलांना गोळी दिली जाऊ लागली. गोळीने पोटातील जंत मरतात. पण गावची माती दूषित राहिली, तर ते पुन्हा पोटात शिरतात. यास्तव शौचालयाचा वापर करणे, हात स्वच्छ धुणे आणि आपला परिसर निर्मळ राखणे हीच बाबांची खरी सेवा होय.