सेगेदची प्रयोगशाळा आणि अनुदानाचे अर्ज

अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी हे नाव आपल्याकडे क जीवनसत्त्वापुरतेच ठाऊक आहे. १८९३ मध्ये बुडापेस्ट येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने हंगेरीतील सेगेद येथे तिकडच्या लाल मिरचीतून ते विपुल प्रमाणात मिळविले. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. परंतु त्यांचे अधिक मूलगामी कार्य त्यानंतरचे, आणि तेही महायुद्धाच्या धामधुमीतले.

स्नायू आकुंचन का पावतो, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. त्यांच्या सहकारी इलोना बांगा यांना असे आढळले की, स्नायूचा चुरा क्षारद्रावणात वीस मिनिटे ठेवल्यास मिळणारे मायोसिन पातळ असते. रात्रभर ठेवल्यास ते दाट होते आणि एटीपी घालताच हा दाटपणा ओसरतो. हा फरक कशाचा? १९४२ च्या सुमारास तरुण ब्रुनो श्ट्राउब यांनी त्याचा उलगडा केला. रात्रभरात दुसरेच एक प्रथिन बाहेर पडत होते. तेच ॲक्टिन. दोहोंचे मिळून केलेले धागे एटीपीच्या सान्निध्यात आखडले. निव्वळ मायोसिनचे आखडले नाहीत.

ॲक्टिन केवळ स्नायूंचे नव्हे, हे पुढे १९६० नंतर उमगले. आपल्या पेशींच्या अंतर्गत सांगाड्यातही त्याचे सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे तंतू असतात. फिलॅमिनसारखी प्रथिने त्यांना परस्परांत गुंतवितात, तेव्हा द्रवाची लवचीक जेली बनते. मायोसिनने हे जाळे ताणले की ते अधिक ताठर होते. कोफिलिन तंतू तोडते, तेव्हा सैलावते. पेशीचा कणखरपणा तंतूंइतकाच त्यांना बांधणाऱ्यांवर अवलंबून असतो.

नाझीविरोधामुळे १९४४ मध्ये सेंट-ज्यॉर्जींना भूमिगत व्हावे लागले. १९४७ मध्ये, सोव्हिएत वर्चस्व वाढत असताना, ते अमेरिकेत वुड्स होल येथे गेले. तेथे या नोबेल विजेत्यालाही अनुदानासाठी झगडावे लागले! आपण काय करणार व काय सापडणार, हे आधीच लिहून देण्याची अट त्यांना मानवली नाही. १९७२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातून त्यांनी तिच्यावर जाहीर टीका केली. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या प्रस्तुत लेखकाला अनुदान मंडळांची अडचण कळते. सार्वजनिक पैशाचा हिशेब हवाच. परंतु बांगाबाईंचा रात्रभर राहिलेला अर्क कोणत्या अर्जात बसला असता?

पुढे कर्करोग संशोधनासाठी त्यांनी १९७३ मध्ये देणग्यांवर चालणारे प्रतिष्ठान उभारण्यात पुढाकार घेतला, आणि १९८६ मध्ये वुड्स होल येथेच त्यांचे निधन झाले.