ग्रेस डार्लिंग : दीपगृहाची लेक

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यासमोर फार्न ही खडकाळ बेटे आहेत. सातव्या शतकात संत कथबर्ट तेथे एकांतात प्रार्थना करीत. त्यांपैकी लाँगस्टोन बेटावरील दीपगृहात ग्रेस डार्लिंग वाढली. तिचा जन्म २४ नोव्हेंबर १८१५ रोजी बॅम्बरो गावी झाला. नऊ भावंडांत ती सातवी. वडील विल्यम दीपगृहाचे रखवालदार होते. घरकाम, दिव्याची राखण आणि होडी वल्हवणे ती त्यांच्या हाताखाली शिकली.

५ सप्टेंबर १८३८ रोजी ‘फॉरफारशायर’ ही आगबोट साठेक माणसांना घेऊन हलहून डंडीकडे निघाली. वाटेत बॉयलर गळू लागला व यंत्रे बंद पडली. वादळात भरकटत ती ७ तारखेच्या पहाटे फार्नच्या एका खडकावर आदळून दुभंगली. चाळीसहून अधिक माणसे दगावली. नऊ जण बोटीवरच्या होडीतून निसटले.

ग्रेसला खिडकीतून फुटलेली बोट दिसली. उजाडल्यावर खडकावर माणसे हलताना दिसली. बाप-लेक होडी घेऊन निघाले. लाटांचा मारा टाळण्यासाठी त्यांनी सुमारे एक मैलाचा वळसा घेतला. वडील खडकावर उतरले तेव्हा ग्रेसने एकटीने वल्ही मारीत होडी सांभाळली. तेथे नऊ जण जिवंत होते. मिसेस डॉसन या मातेच्या कुशीत तिची दोन मुले मरण पावली होती. पहिल्या खेपेत पाच जण आले. उरलेल्या चौघांना आणायला वडील वाचलेल्या खलाशांसह पुन्हा गेले. ग्रेस घरी थांबली. वादळ शमेपर्यंत मायलेकींनी त्या साऱ्यांची शुश्रूषा केली.

पुढे ग्रेसला शौर्याचे रौप्यपदक मिळाले. राणी व्हिक्टोरियाने ५० पौंड पाठवले. चित्रकार आले, लोक तिच्या केसांची बटही मागू लागले. पण हे कौतुक फार काळ तिच्या वाट्याला आले नाही. २० ऑक्टोबर १८४२ रोजी, अवघ्या २६ व्या वर्षी, क्षयाने तिचे निधन झाले. बॅम्बरोच्या संत एडन चर्चच्या आवारात तिला पुरले आहे.

आपल्या परभणी जिल्ह्यात समुद्र नाही, पण गोदावरीला पूर येतो. अशा वेळी पाण्यात उतरणारे हात लागतात. तसेच वाचलेल्यांना कोरडे कपडे आणि गरम घास देणारे घरही लागते. ग्रेसने ही दोन्ही कामे केली. दुसरे काम तर आपल्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.