मुलं मार्गी लागली आणि ईडा निघाली!

प्रवासाची हौस पैशांवाचून अडते, असं कुणी म्हणालं की मला ईडा फायफर आठवते. १७९७ साली व्हिएन्नात जन्मलेली. लग्न बऱ्याच मोठ्या वकिलाशी. पुढे त्याची कमाई आटली, तेव्हा हिने शिकवण्या घेऊन दोन मुलं वाढवली. ती मार्गी लागल्यावर १८४२मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी बाई एकटी निघाली. सांगितलं कॉन्स्टॅन्टिनोपलचं, गेली जेरुसलेम-इजिप्तला! (खरं सांगितलं असतं तर कुणी जाऊ दिलं असतं का हो?)

त्या रोजनिशीचं पुस्तक झालं आणि त्याच्या पैशांत १८४५चं आइसलँड. मग तेच चक्र. फिरायचं, लिहायचं, शिवाय गोळा केलेले किडे, वनस्पती संग्रहालयांना विकायच्या. १८४६ ते ४८च्या जगप्रवासात ब्राझील, ताहिती, चीन झालं आणि बरं का, आपल्याकडेही आली! दिल्लीहून मुंबईला येताना कधी बैलगाडी, कधी उंट; वाटेत अजिंठा, वेरूळ, दौलताबाद पाहिलं.

बर्लिन, पॅरिसच्या भूगोल संस्थांनी तिला मानद सदस्य केलं. लंडनच्या संस्थेत मात्र बायकांना प्रवेश नव्हता.

१८५७मध्ये कटाच्या संशयावरून मादागास्करच्या राणीने तिला हाकललं. तिथला ताप काही सुटला नाही. १८५८मध्ये ती व्हिएन्नात गेली. मादागास्करचं पुस्तक १८६१मध्ये मुलाने छापून आणलं.