डॉ. वसंत रामजी खानोलकर

तंजावर जिल्ह्यातील पापनाशमच्या परिसरात कावेरीच्या पाण्यावर पानमळे वाढतात. तेथील तमिळ घरांत आणि तंजावरच्या मराठी घरांतही विडा हे आदरातिथ्याचे व मंगलकार्याचे चिन्ह मानले जाते. पान, सुपारी, चुना यांच्या या विड्यात पुढे तंबाखूही आली. अशा नित्याच्या सवयींत कर्करोगाचे मूळ असू शकते, हे शास्त्राच्या कसोटीवर तपासणाऱ्या भारतीय संशोधकांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रणी होते.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतकीय कुटुंबात झाला. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी मिळवून ते मायदेशी परतले आणि मुंबईत वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन करू लागले. १९४१ मध्ये परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे होते. या भेदाचे कारण डॉ. खानोलकरांनी दैवात शोधले नाही. ते लोकांच्या राहणीत शोधले. १९४५ मध्ये एका सहकाऱ्यासह त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखू व चुना मळून केलेली खैनी लोक ज्या ठिकाणी ओठाआड धरून ठेवतात, तेथेच कर्करोगाची गाठ उद्भवते, असे त्यांना आढळले. धोतर घट्ट कसल्याने कमरेच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचीही त्यांनी नोंद केली.

चुना हे कॅल्शियमचेच संयुग आहे. दुधातील व नाचणीतील कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यास सूर्यप्रकाशामुळे त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व साहाय्य करते आणि त्यामुळे हाडे बळकट होतात. तंबाखूबरोबरचा चुना मात्र तोंडाच्या नाजूक अस्तराचा दाह करतो व तंबाखूतील निकोटीन लवकर शोषले जाते. म्हणून चुन्यात कॅल्शियम असले, तरी तंबाखू निर्धोक ठरत नाही.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. १९६० ते १९६३ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. पद्मभूषण देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. जो रोग सवयीतून येतो, तो सवय सोडल्याने पुष्कळ अंशी टाळता येतो. डॉ. खानोलकरांच्या संशोधनाने भारतीयांना ही आशेची वाट दाखविली.