परके वाद्य, स्वकीय सूर

वाद्य परके की आपले, हे त्याच्या जन्मभूमीवरून ठरवावे की त्यातून उमटणाऱ्या सुरावरून, हा वाद आपल्याकडे जुना आहे. वादाने तो मिटला नाही. व्हायोलिनपुरते त्याचे उत्तर ज्यांनी आयुष्यभराच्या साधनेने दिले, त्यांत पंडित गजाननराव जोशी (१९११–१९८७) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

गजाननरावांच्या घरात गाणे वंशपरंपरेने होते. वडील अनंत मनोहर जोशी, अर्थात अंतुबुवा, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे दरबारी गायक. ग्वाल्हेर गायकीची तालीम मुलाला घरातच मिळाली. अशा घरातील मुलाने गवई होणे स्वाभाविकच होते. पण गजाननरावांनी गळ्याबरोबर व्हायोलिनही जवळ केले आणि ते प्रामुख्याने स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात केले.

दक्षिणेत हे वाद्य एकोणिसाव्या शतकातच कर्नाटक संगीतात स्थिरावले होते. उत्तर हिंदुस्थानी मैफलीत मात्र साथीचा मान सारंगीचा व पुढे पेटीचा. तेथे व्हायोलिनने स्वतंत्रपणे बसून राग मांडावा, ही गोष्ट नवी होती. या नव्या वाटेला गजाननरावांनी जो आधार दिला तो गायकीचा. व्हायोलिनला पडदे नाहीत. त्यामुळे मींड, गमक, स्वरांचे सूक्ष्म आंदोलन हे सारे त्यावर साधते. मात्र पडदे नाहीत म्हणूनच बोट केसभर सरकले तरी सूर ढळतो. ज्याचा कान गाण्याने घडलेला नाही, त्याच्या हाती हे वाद्य केवळ चमत्कृतीचे साधन ठरते. गजाननरावांच्या गजातून ख्याल उमटला, तो त्यांच्या कंठात आधीच वसलेला होता म्हणून.

येथे पेटीशी तुलना उद्बोधक ठरेल. पेटीही युरोपातूनच आली. परंतु तिचे सूर पट्ट्यांशी बांधलेले, तिला मींड नाही, म्हणून १९४० मध्ये नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती सैल झाली १९७० नंतरच. तेव्हा आक्षेप परकेपणाचा जितका होता, तितकाच तो सुराच्या अपुरेपणाचा होता. व्हायोलिन त्या कसोटीस उतरले.

गजाननरावांचे दुसरे धैर्य विद्यार्जनातले. घराण्याच्या सीमा कडक असलेल्या काळात त्यांनी रामकृष्णबुवा वझे, जयपूर घराण्याचे भूर्जी खाँ आणि आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ यांच्याकडून विद्या घेतली. तबल्याचा अभ्यास केला. लयीवरील त्यांचे प्रभुत्व सर्वमान्य झाले. त्यांनी या शैलींची सरमिसळ केली नाही. प्रत्येकीची शिस्त निराळी ओळखून ती पेलणे, हे अधिक अवघड काम त्यांनी केले. आकाशवाणीत त्यांनी सेवा केली आणि १९७२ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला.

त्याहूनही मोठी मिळकत शिष्यांची. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर, अशोक रानडे ही नावे त्यांच्या अध्यापनाची व्याप्ती सांगतात. हातचे काही राखून न ठेवणारा गुरू म्हणून त्यांचा लौकिक होता, आणि विद्या दडवून ठेवण्याची परंपरा असलेल्या क्षेत्रात हा लौकिक लहान नव्हे. मात्र शिष्यांतील ठळक नावे गायकांची आहेत, याचाही विचार व्हावा. वाद्याला प्रतिष्ठा मिळाली, परंतु ते हाती घेणारे त्या मानाने थोडेच राहिले.

नांदेड वा लातूर येथील एखादा विद्यार्थी आज व्हायोलिन हाती घेईल, तर हे वाद्य आपले आहे काय, असे त्याला कोणी विचारणार नाही. तो प्रश्न आधीच्या पिढीने श्रमाने निकालात काढला आहे. त्याला एवढेच विचारले जाईल की, तुझा सूर लागला आहे काय? आणि त्याचे उत्तर मात्र कोणाच्याही पुण्याईवर मिळणार नाही. त्यासाठी पहाटे उठून गज हाती घ्यावा लागेल.